एका शिक्षिकेची फिर्याद

मुंबईंत घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या त्या १८७४ सालीं. न्यूयॉर्कच्या लोकांनीं हें वाहन त्याच्या बेचाळीस वर्षें आधीं पाहिलें होतें. १८३२ मध्यें तेथें रुळांवरून घोड्यांनीं ओढलेली पहिली गाडी धांवली, आणि १८५० नंतर तर शहराच्या एकेका लांब रस्त्यावर एकेका कंपनीचे रूळ पडूं लागले. दगडांच्या खडबडीत रस्त्यावरून खडखडत जाणाऱ्या गाडीपेक्षां रुळांवरची गाडी सुखानें चाले, घोड्यांना भार कमी पडे आणि एका खेपेंत उतारूहि अधिक मावत; त्यामुळें भाडें बेताचें असे. कारकून, शिवणकाम करणाऱ्या बायका, लहान दुकानदार, शाळामास्तर अशा मंडळींचें तें वाहन होतें. शहर उत्तरेकडे वाढत चाललें होतें, घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला अशी स्थिति पुष्कळांची झाली होती. अशा वेळीं ट्राममध्यें बसावयास मिळणें ही चैन राहिली नव्हती, ती रोजची गरज झाली होती.

पण ही गरज सर्वांची सारखीच भागत असे असें मात्र नव्हतें. कृष्णवर्णीय लोकांना गाडींत घ्यावें कीं नाहीं हें कंपनी ठरवीत असे, आणि पुष्कळदां कंपनीच्या वतीनें तो निर्णय कंडक्टरच करी. कांहीं गाड्यांवर या गाडींत कृष्णवर्णीयांस परवानगी आहे अशा अर्थाची पाटी टांगलेली असे. अशा गाड्या थोड्या आणि त्या केव्हां येतील याचा भरंवसा नाहीं. बाकीच्या गाड्यांवर कसलीच पाटी नसे, कारण तेथली मनाई लिहून दाखविण्याची आवश्यकताच कोणास वाटत नसे. आंतील उतारूंनीं हरकत घेतली नाहीं तर बसूं द्यावें, घेतली तर उतरवावें, असा एक सोयीचा रिवाज पडला होता. म्हणजे एखाद्या मनुष्याचा प्रवास पुरा व्हावा कीं अर्ध्यावर तुटावा हें त्याच्या शेजारीं बसणाऱ्याच्या नाकावर अवलंबून असे.

हें सारें गुलामगिरीच्या दक्षिणेंत नव्हे, उत्तरेंतील न्यूयॉर्कमध्यें घडत होतें हें लक्षांत घ्यावयास पाहिजे. त्या राज्यांत ४ जुलै १८२७ रोजीं गुलामगिरी कायद्यानें संपली होती. परंतु मतदान करावयाचें तर गोऱ्या पुरुषाला मालमत्तेची अट नसे, आणि कृष्णवर्णीय पुरुषापाशीं मात्र अडीचशें डॉलरांची मालमत्ता असावी लागे. मुलांच्या शाळा वेगळ्या, प्रार्थनेचीं मंदिरें बहुतेक वेगळीं. बेडी निघाली होती, पण तिचा वळ हातावर तसाच होता.

१६ जुलै १८५४ हा रविवार होता. एलिझाबेथ जेनिंग्ज नांवाची एक तरुण शिक्षिका चर्चला निघाली होती. वय पंचविशीच्या आसपास. नोकरी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेंत. बावरी रस्त्यानजीक सिक्स्थ स्ट्रीटवर तिच्या समाजाचें चर्च होतें, आणि तेथें ऑर्गन वाजविण्याचें काम तिच्याकडे होतें. त्या दिवशीं निघण्यास उशीर झाला होता. बरोबर सेरा ॲडम्स ही मैत्रीण होती. पर्ल स्ट्रीट व चॅटम स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर थर्ड ॲव्हेन्यू कंपनीची गाडी येतांना दिसली. एलिझाबेथनें हात वर केला, गाडीवानानें घोडे आंवरले आणि दोघीजणी पायरी चढून वर आल्या. पुढें काय झालें याची हकीकत तिनें स्वतः लिहून काढली म्हणूनच ती आज इतक्या तपशिलानें कळते.

कंडक्टरनें त्यांना अडविलें. मागून दुसरी गाडी येत आहे, ती तुमच्या लोकांसाठीं आहे, तिच्यासाठीं थांबा, असें त्याचें म्हणणें. आपले असे कोणी निराळे लोक नाहींत, आपल्याला चर्चला जावयाचें आहे आणि थांबण्यास वेळ नाहीं, असें तिनें सांगितलें. इतक्यांत मागची गाडी आलीच. तिच्या गाडीवानाला विचारलें तर आपल्या गाडींत याहूनहि कमी जागा आहे असें तो म्हणाला. खरें म्हणजे वाद येथेंच मिटावयाचा. पण कंडक्टरचा प्रश्न जागेचा नव्हताच. तो अडून बसला, तीहि उतरेना. अखेर गाडीवान कंटाळला तेव्हां कंडक्टर म्हणाला कीं बस पाहिजे तर. मात्र कोणा उतारूनें हरकत घेतली तर बाहेर काढीन.

या ठिकाणीं एखादी बाई मुकाट्यानें आंत जाऊन बसली असती, आणि कदाचित् त्या दिवशीं कोणी हरकतहि घेतली नसती. एलिझाबेथनें तसें केलें नाहीं. आपण याच शहरांत जन्मलेली आणि वाढलेली अब्रूदार स्त्री आहों, तुमचा जन्म कोठला तें ठाऊक नाहीं, पण चर्चला जातांना आपला असा अपमान आजवर कोणी केला नव्हता, असें तिनें त्याला ऐकविलें. तो आयर्लंडचा होता, आणि तसें त्यानें सांगितलें. त्यावर मनुष्य कोठला आहे यानें कांहीं अडत नाहीं, त्यानें नीट वागावें एवढेंच पुरे, असें उत्तर तिनें दिलें. हा संवाद थांबून पाहण्यासारखा आहे. दुष्काळामुळें आयर्लंड सोडून लाखों माणसें त्या दहा वर्षांत अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलीं होतीं; न्यूयॉर्कमध्यें त्यांचीहि हेटाळणी होत असे. पण गाडींत कोठें बसावें हें त्यांना कोणी सांगत नव्हतें. शहरांत नवा आलेला मनुष्य शहरांतच जन्मलेल्या बाईला तिची जागा दाखवीत होता, आणि ही विसंगति तिनें त्याच्या तोंडावर मांडली. त्याचा राग उसळला तो बहुधा याच वाक्यानें.

त्यानें तिला धरलें. तिनें खिडकीची चौकट पकडली. ती सोडविल्यावर तिनें त्याचाच कोट पकडला. मैत्रिणीला त्यानें आधींच खेंचून उतरविलें होतें. मग गाडीवानाला घोडे बांधावयास लावून त्याला मदतीला बोलाविलें, आणि दोघांनीं मिळून तिला ओढीत फळीवर आडवी पाडली. पाय एकीकडे लोंबत आहेत आणि डोकें दुसऱ्या बाजूस जवळजवळ जमिनीला टेंकत आहे अशी तिची अवस्था झाली. ती सर्व शक्तीनिशीं ओरडली. खालून मैत्रीण ओरडत होती. गाडीवान बिचकला आणि त्यानें हात काढून घेतला. तो घोड्यांकडे वळतांच एलिझाबेथ उठली आणि पुन्हां गाडींत जाऊन बसली.

कंडक्टरनें आतां दुसरी युक्ति काढली. वाटेंत एकहि उतारू न घेतां, पोलीस दिसेपर्यंत गाडी भरधांव सोडण्यास त्यानें सांगितलें. वॉकर स्ट्रीट व बावरी यांच्या कोपऱ्यावर पोलीस शिपाई सांपडला. त्यानें तिचें एक अक्षरहि ऐकून घेतलें नाहीं. तिला ढकलून खालीं उतरविलें आणि दाद मागतां येत असेल तर खुशाल माग असें वर हिणविलें. कंडक्टरनेंहि तेंच ऐकविलें, आणि एका कागदावर आपलें नांव व गाडीचा क्रमांक सात असा लिहून दिला. तिनें मागें जाऊन पाहिलें. गाडीवर सहा हा आंकडा होता. अंगावरचे कपडे मळलेले, शरीर ठेंचाळलेलें, अशा स्थितींतहि क्रमांक ताडून पाहण्याचें भान जिला राहिलें ती मुलांच्या पाट्या तपासणारी शिक्षिका होती हें वेगळें सांगावयास नको. घरीं परततांना एक जर्मन गृहस्थ तिच्या मागून आला. पर्ल स्ट्रीटवर त्याचें पुस्तकांचें दुकान होतें. रस्त्यानें जातांना आपण सारा प्रकार पाहिला असें सांगून त्यानें आपला पत्ता दिला.

दुसऱ्या दिवशीं तिच्या चर्चमध्यें निषेधाची सभा भरली. तिला अंथरुणांतून उठवत नव्हतें, म्हणून तिनें लिहिलेली हकीकत तेथें वाचून दाखविण्यांत आली. ती लगेच होरेस ग्रीली याच्या ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या पत्रांत आणि फ्रेडरिक डग्लस याच्या पत्रांतहि प्रसिद्ध झाली. तिची भाषा साधी आहे. तींत रडगाणें नाहीं आणि विशेषणांचा पाऊसहि नाहीं. कोण कोठें उभा होता, कोण काय बोलला, किती माणसें गाडींत होतीं, एवढेंच ती सांगते. पुराव्याचा कागद कसा लिहावा याचा तो नमुना आहे.

शिपायानें थट्टेनें सांगितलेली गोष्ट जेनिंग्ज कुटुंबानें मनावर घेतली. एलिझाबेथचा बाप टॉमस जेनिंग्ज हा साधासुधा मनुष्य नव्हता. धंद्यानें तो शिंपी. कापड पाण्यांत न बुडवितां स्वच्छ करण्याची एक रीत त्यानें शोधून काढली होती आणि १८२१ सालीं तिचें पेटंट मिळविलें होतें. अमेरिकेंत पेटंट मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय मनुष्य समजला जातो. त्या मिळकतींतून त्यानें आपल्या माणसांना दास्यांतून सोडविलें आणि सार्वजनिक कामांनाहि हात दिला. पेटंट घेतलेला मनुष्य सरकारी कागदाची किंमत जाणतो. त्यानें ठरविलें कीं सभा आणि ठराव पुरेसे नाहींत. कंपनीला कोर्टांत खेंचावयाचें. खर्चासाठीं वर्गणी जमविण्यांत आली.

वकील शोधावयाचे तर गोरेच शोधावे लागणार होते. कल्व्हर, पार्कर आणि आर्थर ही पेढी गुलामगिरीविरुद्ध मत असणाऱ्या वकिलांची म्हणून ओळखली जाई. त्यांतील आर्थर हा सर्वांत धाकटा. सनद मिळून त्याला वर्षहि झालें नव्हतें. काम त्याच्याकडे आलें. हा चेस्टर आर्थर पुढें १८८१ सालीं अमेरिकेचा एकविसावा अध्यक्ष झाला. मोठ्या पदाला चढलेल्या माणसाच्या चरित्रांत अशा खटल्याला सहसा एखादा परिच्छेद मिळतो, आणि या खटल्याची आठवण जी थोडीबहुत राहिली ती पुष्कळ अंशीं त्या परिच्छेदामुळेंच राहिली. फिर्यादी बाईचें नांव वकिलाच्या नांवाच्या आधारानें टिकावें हा न्याय कांहीं फार बरा नव्हे.

१८५५ च्या फेब्रुवारींत ब्रुकलिन येथें न्यायमूर्ति विल्यम रॉकवेल यांच्यापुढें दावा चालला. नुकसानभरपाई पांचशें डॉलर मागितली होती. ज्यूरींत बसलेले सारे गोरे पुरुष. न्यायमूर्तींनीं ज्यूरीला कायदा समजावून दिला त्याचा आशय असा: नोकरानें केलेल्या कृत्याची जबाबदारी कंपनीवर येते, मग तें कृत्य निष्काळजीपणानें केलेलें असो कीं जाणूनबुजून. उतारूंची ने-आण करणें हा ज्यानें सार्वजनिक धंदा म्हणून पत्करला त्यानें सर्व सभ्य माणसांना घेतलेंच पाहिजे. कृष्णवर्णीय मनुष्य शुद्धीवर असेल, नीट वागत असेल आणि त्याला कांहीं रोग नसेल तर त्याचा हक्क इतरांइतकाच आहे. कंपनीच्या नियमानें तो हिरावतां येत नाहीं आणि दांडगाईनेंहि नाहीं.

ज्यूरींतील बहुतेकांचें मत पुरी रक्कम द्यावी असें होतें. उरलेल्यांच्या मनांत कृष्णवर्णीयांच्या हक्कांबद्दल आपापल्या कल्पना होत्या, असा चिमटा ‘ट्रिब्यून’नें आपल्या वृत्तांत काढला आहे. शेवटीं घासाघीस होऊन दोनशें पंचवीस डॉलरांवर एकमत झालें. कोर्टानें त्यावर शेंकडा दहा आणि दाव्याचा खर्च देवविला. निकाल लागतांच थर्ड ॲव्हेन्यू कंपनीनें आपल्या गाड्या सर्वांना मोकळ्या केल्या.

आतां या निकालाकडे जरा बारकाईनें पाहिलें पाहिजे, कारण त्याचें बळ आणि त्याचें वैगुण्य हीं दोन्ही एकाच वाक्यांत आहेत. न्यायमूर्तींनीं सर्व माणसें समान आहेत असा कांहीं मोठा सिद्धान्त सांगितला नाहीं. त्यांनीं आधार घेतला तो इंग्लंडांतून चालत आलेल्या जुन्या व्यवहारधर्माचा. नावाडी, गाडीवाला, धर्मशाळेचा चालक यांनीं दार उघडून धंदा मांडला कीं भाडें देणाऱ्या गिऱ्हाइकाला विनाकारण परत पाठवितां येत नाहीं, हा तो धर्म. तो इतका जुना आणि इतका सर्वमान्य होता कीं पूर्वग्रह असलेल्या ज्यूरीलाहि तो झुगारतां आला नाहीं. हें त्याचें बळ. परंतु त्याच आधाराला अटी चिकटलेल्या होत्या. सभ्य, शुद्धीवर असलेला, निरोगी. या अटी वस्तुतः सर्वच उतारूंना लागू. पण दारूच्या नशेंत झुलणाऱ्या गोऱ्या उतारूची चौकशी कोणी केली होती? एलिझाबेथ शिक्षिका होती, चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत होती, स्वच्छ इंग्रजींत पत्र लिहूं शकत होती. तिचें सभ्यपण नाकारणें कठीण होतें. तिच्या जागीं घामानें भिजलेली एखादी धुणेंवाली असती, आणि तिनें कंडक्टरला तेंच उत्तर जरा राकट शब्दांत दिलें असतें, तर ज्यूरीचें मन कोणीकडे झुकलें असतें? हक्क मिळाला होता, पण तो परीक्षेंत उत्तीर्ण होणाऱ्याला मिळाला होता, आणि परीक्षक बहुतेक वेळां कंडक्टरच असणार होता.

दुसरी गोष्ट अशी कीं हा निकाल एका कंपनीविरुद्ध होता. शहरांत कंपन्या अनेक. टॉमस जेनिंग्ज यानें हें ओळखलें आणि इतरांना बरोबर घेऊन कायदेशीर हक्कांसाठीं एक संस्था काढली. दावे लढविण्यासाठीं पैसा उभा करणें हें तिचें मुख्य काम. तिच्या पुढाऱ्यांत जेम्स पेनिंग्टन हे धर्मोपदेशक होते. पेनिंग्टन मेरीलंडमध्यें गुलाम म्हणून जन्मले, लोहारकाम शिकले, तेथून पळून आले, शिकून धर्मगुरु झाले. फ्रेडरिक डग्लसचा विवाह त्यांनींच लावला होता, आणि १८४९ मध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग विद्यापीठानें त्यांना सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली होती. याहून अधिक सभ्यपणा कोणापाशीं शोधावयाचा? १८५५ च्या मे महिन्यांत सिक्स्थ ॲव्हेन्यू कंपनीच्या गाडींतून त्यांना बाहेर काढण्यांत आलें. त्यांनीं दावा केला. तो १८५६ च्या डिसेंबरांत चालला, आणि धंद्याच्या हिताकडे पाहून कंपनीला असे नियम करतां येतात या बाजूला कौल पडून ते हरले. शहर तेंच, कायदा तोच, अंतर दोन वर्षांचेंहि नाहीं. कोर्ट मात्र दुसरें आणि ज्यूरी दुसरी. एका ज्यूरीच्या निकालानें दुसरी ज्यूरी बांधली जात नसते. जेनिंग्ज खटला वरिष्ठ कोर्टांत गेलाच नाहीं. कंपनीनें पैसे भरले आणि प्रकरण मिटविलें. जिंकणाऱ्याला त्यांत आनंदच होता. पण वरिष्ठ कोर्टाच्या ग्रंथांत कायमचें वचन म्हणून त्या निकालाची नोंद होण्याची वाट त्यामुळेंच बंद झाली.

तरी काम चालू राहिलें. टॉमस जेनिंग्ज १८५९ मध्यें वारला. एकेक कंपनी दाव्याच्या भीतीनें म्हणा, बदनामीच्या भीतीनें म्हणा, वांकत गेली. यादवी युद्ध सुरू असतांना, १८६४ च्या उन्हाळ्यांत, एका कृष्णवर्णीय सैनिकाच्या विधवेला ट्राममधून ओढून काढण्यांत आलें. ज्या देशासाठीं नवरा मेला त्या देशाच्या गाडींत बायकोला बसावयास मिळत नाहीं याची लाज तेव्हां शहराला वाटली, आणि राहिलेल्या गाड्या मोकळ्या झाल्या. पुढें १८७३ मध्यें न्यूयॉर्क राज्यानें सार्वजनिक वाहनांत भेदभाव करण्यास बंदी करणारा कायदा केला. त्याच वर्षीं पुण्यास जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांना दास्यांतून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलें. ती कृतज्ञता यथार्थच होती. मात्र ज्यांना ती पोंचावयाची त्यांच्या सर्वांत मोठ्या शहरानें ट्रामचीं दारें उघडून तेव्हां दहा वर्षेंहि झालीं नव्हतीं.

एलिझाबेथच्या स्वतःच्या आयुष्यांत या निकालानें फारशी शांतता आणली नाहीं. १८६० मध्यें तिनें चार्ल्स ग्रॅहम याच्याशीं लग्न केलें. त्यांना एक मुलगा झाला. आजोबांच्या नांवावरून त्याचें नांव टॉमस ठेवलें. मूल अशक्त होतें. १८६३ च्या जुलैंत सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध न्यूयॉर्कमध्यें मोठा दंगा उसळला. तीनशें डॉलर भरणाऱ्याला भरतींतून सूट होती, म्हणून गरिबांचा संताप झाला. आणि तो संताप, नेहमीं होतें त्याप्रमाणें, श्रीमंतांपेक्षां अधिक दुबळ्यांवर कोसळला. रस्त्यांत कृष्णवर्णीय दिसेल त्याला मारण्यांत आलें, कांहींना दिव्याच्या खांबाला फांसावर लटकविण्यांत आलें. फिफ्थ ॲव्हेन्यूवरील कृष्णवर्णीय अनाथ मुलांचा आश्रम जमावानें १३ जुलै रोजीं जाळला. आंतील दोनशेंहून अधिक मुलें बाहेर काढलीं म्हणून वांचलीं. त्याच दिवसांत एलिझाबेथचें एक वर्षाचें मूल आंकडी येऊन गेलें. बाहेर जमाव फिरत होता. एका गोऱ्या उत्तरक्रियावाल्याच्या मदतीनें आईबाप तें प्रेत घेऊन लपतछपत शहराबाहेर पडले आणि ब्रुकलिनच्या सायप्रस हिल्स या दफनभूमींत त्यांनीं त्याला पुरलें. ट्रिनिटी चर्चचे धर्मोपदेशक मॉर्गन डिक्स यांनीं प्रार्थना म्हटली. नऊ वर्षांपूर्वी याच महिन्यांत भरदिवसा गाडींत बसण्याचा हक्क मागणारी ही बाई आपल्या मुलाला चोरून नेऊन पुरीत होती.

दंग्यानंतर कुटुंब कांहीं काळ न्यू जर्सींत जाऊन राहिलें. नवरा १८६७ मध्यें गेला. ती पुन्हां न्यूयॉर्कला परतली आणि मुलांना शिकवूं लागली.

इकडे तिचा जुना वकील देशाचा अध्यक्ष होऊन बसला होता. १८७५ मध्यें काँग्रेसनें रेल्वे, जहाजें, धर्मशाळा, नाटकगृहें यांत वर्णभेद करण्यास मनाई करणारा कायदा केला होता. १८८३ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे आर्थरच्याच कारकीर्दींत, सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. त्या वेळीं एकत्र निकालांत काढलेल्या पांच प्रकरणांपैकीं एक टेनेसींतील आगगाडीच्या स्त्रियांच्या डब्यांतून काढलेल्या कृष्णवर्णीय बाईचें होतें. आर्थरनें काँग्रेसला कळविलें कीं घटनेंत बसेल असा नवा कायदा कराल तर आपण बेलाशक संमति देऊं. काँग्रेसनें तो केला नाहीं. पुढच्याच वर्षीं टेनेसींतच आयडा वेल्स या तरुण शिक्षिकेनें रेल्वे कंपनीवर पांचशें डॉलरांचा निकाल मिळविला. १८८७ मध्यें राज्याच्या वरिष्ठ कोर्टानें तो फिरविला. शिक्षिका, डबा, कंडक्टर, ओढाताण, सारें पुन्हां तसेंच. शेवट मात्र उलटा. मग १८९६ च्या मे महिन्यांत लुइझियानाच्या होमर प्लेसी याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सात विरुद्ध एक अशा मतांनीं सांगून टाकलें कीं डबे वेगळे असले तरी सोयी सारख्या असल्या म्हणजे समानता भंगत नाहीं. विरुद्ध मत दिलें तें एकट्या न्यायमूर्ति हार्लन यांनीं. चाळीस वर्षांपूर्वी ब्रुकलिनच्या ज्यूरीनें जी गोष्ट मानली नव्हती ती आतां सबंध देशाचा कायदा झाली. पुढची साठ वर्षें दक्षिणेंतील आगगाड्या, ट्राम आणि मोटारबस त्याच कायद्यावर चालल्या.

मॉन्टगोमेरी येथें १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स यांनीं बसमधली जागा सोडण्यास नकार दिला, तेव्हां जेनिंग्ज खटल्याला शंभर वर्षें पुरीं होऊन कांहीं महिने झाले होते. रोझा पार्क्स यांचें नांव पुढें जगभर झालें, आणि तें व्हावयासच पाहिजे होतें. त्यांच्यामागें एक सबंध शहर वर्षभर पायीं चाललें. एलिझाबेथच्या मागें एक चर्च, एक शिंपी बाप, एक नवशिका वकील आणि पत्ता लिहून देणारा एक पुस्तकविक्या होता.

शेवटचीं वर्षें एलिझाबेथ पश्चिम एकेचाळिसाव्या रस्त्यावर २४७ क्रमांकाच्या घरांत राहत होती. १८९५ मध्यें तिनें त्याच घरीं कृष्णवर्णीय मुलांसाठीं बालोद्यान-शाळा उघडली. न्यूयॉर्कमधली ती अशी पहिलीच. प्लेसी खटल्याचा निकाल आला तेव्हां सत्तरीला टेंकत आलेली ही बाई लहान मुलांना अक्षरें शिकवीत होती. १९०१ च्या जूनमध्यें ती वारली. सायप्रस हिल्समध्यें नवरा आणि तें एक वर्षाचें मूल यांच्यापाशीं तिला पुरलें.

त्यानंतर शंभर वर्षें तिचें नांव फारसें कोणी घेतलें नाहीं. मग तेथल्या एका सार्वजनिक शाळेंतील लहान मुलांनीं वर्गांत तिची गोष्ट वाचली, आणि तिच्या नांवाची पाटी रस्त्यावर लावावी म्हणून शहराच्या कारभाऱ्यांकडे लकडा लावला. २००७ सालीं तें मान्य झालें. पार्क रो आणि स्प्रूस स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर ‘एलिझाबेथ जेनिंग्ज प्लेस’ अशी पाटी लागली. तिनें ज्या चॅटम स्ट्रीटवर हात वर करून गाडी थांबविली होती तो जुना रस्ता आतां याच पार्क रोमध्यें सामावला आहे.